धुक्यातली दुसरी बॅटरी

आधीच सांगते, मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. भूतबित सांगत आलेल्याला मी चहा पाजून वाटेला लावते. पण गेल्या जुलैत जे झालं ते पोटात ठेवून ठेवून जीव घाबरा झालाय, म्हणून इथं लिहितेय...

आजऱ्याच्या पश्चिमेचं जंगल. संध्याकाळचे सहाच वाजलेले, पण धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. सोबत माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मिस्टर. त्यांचं गाव तिथलंच, सगळं रान पायाखालचं. निघताना ताई म्हणालेली, "न्हेतीयास तसं आणून सोड की बाई त्यास्नी."

आम्ही झुडपी बेडूक शोधायला गेलतो. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, पानावर बसून टिक-टिक-टिक करतो, आणि आवाज कुठून येतोय ते काही केल्या कळत नाही. त्यावर आमची एक युक्ती — दोघांनी दहा-बारा पावलं लांब उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि आपापल्या कानाला जिथून आवाज येतो तिकडं बॅटरी धरायची. दोन्ही उजेड जिथं मिळतील तिथं बेडूक.

"मेव्हणीबाई, मी वढ्याच्या अंगाला थांबतो," म्हणत दाजी धुक्यात गेले.

थोड्या वेळानं टिक-टिक सुरू झालं. मी बॅटरी धरली. पलीकडून त्यांचीही लागली. पण दोन्ही उजेड मिळाले ते खाली, ओढ्याच्या काठाशी. झुडपावरचा बेडूक पाण्यात कशाला जाईल? मी वैतागले. "दाजी, चेष्टा करताय व्हय?" पलीकडचा उजेड जागचा हलला नाही.

धडपडत खाली उतरले, तर तिथं दाजी! दोन दगडांमध्ये पालथे पडलेले, नाकापासून चार बोटांवर पाणी, आणि पाणी चढत होतं... आई गं! कुठून बळ आलं कुणास ठाऊक, रेनकोटाला धरून ओढून काढलं. दोन थोबाडीत दिल्यावर त्यांनी डोळे उघडले.

त्यांची बॅटरी खिशात होती. बंद.

मी मान वर केली. पलीकडचा उजेड अजून आमच्यावरच होता. "कोण हाय तिकडं?" म्हणून ओरडले, तसा विझला.

"दाजी, दुसरी बॅटरी आणलीया काय?"

"न्हाय की. हाय ती काढायच्या आधीच पाय घसरला माझा."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन बघून आले. चिखलात पावलं आमच्या दोघांचीच. ताईनं ऐकलं आणि रडत हात जोडले. "कुणी का असंना, माझं कुंकू राखलं त्यानं."

तिचं खरं आहे. पण मला भीती वाटते ती वेगळीच. ही युक्ती त्या रानात आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. चार पावसाळे आम्ही तिथं हिंडलो, दोघंच आहोत असं समजून... आणि तेवढे दिवस कुणीतरी शेजारी उभं राहून शिकत होतं. कोण, ते मला आजही सांगता येत नाही.