लॉकरमधलं लुगडं

सेवेतली कितीतरी प्रकरणं आता डोक्यातून पुसली गेली आहेत. कलमं आठवत नाहीत, तारखा तर नाहीतच. एक दुपार मात्र अजून जशीच्या तशी उभी राहते.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे कामं ठरलेली असत. यात्रांचा बंदोबस्त, लग्नाच्या वरातींवरून झालेल्या मारामाऱ्या, उसात बिबट्या दिसला म्हणून जमलेली गर्दी पांगवणं. त्यात हद्दीत एक वॉटर पार्क उघडलं होतं. द्राक्षबागांच्या मधोमध चार मजली उंचीच्या निळ्यापिवळ्या घसरगुंड्या. सुट्टीच्या दिवसांत तिथला आरडाओरडा थेट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. आनंदाचा ओरडा असल्यामुळे आमचा त्याच्याशी संबंध येत नसे.

मे महिन्यात एके दिवशी सव्वातीनच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी फोन उचलला. पलीकडे बाईचा आवाज होता. "लाटांच्या तलावात एक बाई बुडाली म्हणत्यात. प्रकरण दाबायचं चाललंय. लवकर या." नाव विचारायच्या आत फोन बंद झाला.

मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि एक महिला हवालदार व दोन शिपाई घेऊन निघालो. या हवालदारबाईंची पंधरा वर्षं नोकरी झाली होती. माणसाशी कधी बोलायचं आणि कधी नुसतं शेजारी बसायचं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

पार्कच्या ऑफिससमोर पंचवीसेक बाया उभ्या होत्या. सगळ्या शिनोलीच्या बाजूच्या एका गावातल्या, बचत गटाच्या सहलीला आलेल्या. काहींनी अंगावरचे ओले नायलॉनचे कपडेही बदलले नव्हते. सगळ्यांत पुढे तिशीची एक सून होती. तिची सासू सापडत नव्हती.

"दीड वाजल्यापासनं शोधतोय साहेब. जेवायच्या वक्ताला सगळ्या जमलो, त्या नाय आल्या. आन् हे मॅनेजर म्हणत्यात, गेली आसंल घरी! अवो, त्यांचं लुगडं लॉकरात हाय. चपला हायेत. मंगळसूत्र रुमालात बांधून ठिवलंय. मंगळसूत्र टाकून बाई घरी जाती व्हय?"

मॅनेजर चाळिशीचा, शर्ट इस्त्रीचा, बोलायला नम्र. म्हणाला, "सर, आमच्याकडे आज कुठलाही प्रकार घडलेला नाही. लाटांच्या तलावावरचा कॅमेरा आठवड्यापासून बंद आहे, पण गेटचं फुटेज बघा."

दुसऱ्या किल्लीने लॉकर उघडून घेतलं. हिरवं नऊवारी लुगडं, घडी घातलेली चोळी, चांदीची जोडवी, रुमालाची गाठ आणि बटणांचा साधा मोबाइल. त्यावर सुनेचे बारा मिस्ड कॉल. मी पंच बोलावून वस्तूंचा पंचनामा केला. त्या वस्तू बघताना सून पहिल्यांदा रडली.

हवालदारबाई तिला बाकावर घेऊन बसल्या. तिने जे सांगितलं ते मी पुढे जबाबात चार ओळींत लिहिलं, पण तेव्हा सगळं ऐकलं. सासू अठ्ठावन्न वर्षांची. घरात पूर्वी मेंढरं होती, आता चार एकर शेती. आयुष्यात कधी नुसतं मजेसाठी कुठे गेलेली नाही. सासरे म्हणाले, म्हातारपणी काय घसरगुंड्या खेळायच्यात का? सून हट्टाला पेटली आणि घेऊनच आली.

"आधी नायच म्हनल्या साहेब. ती पँट घालायची लाज वाटत व्हती. मग मी एकदा बळंच वर नेलं, टायरात बसवलं आन् दिलं ढकलून. खाली आल्या आन् म्हनल्या, चल, परत. पाच येळा गेल्या! लग्न झाल्यापासनं मी त्यांना इतकं हसताना बघितलं न्हाई. मीच आणलं वो त्यांना. आता घरी काय सांगू?"

गेटचं फुटेज मी स्वतः पाहिलं. बारापासून तीनपर्यंत चालत बाहेर पडलेल्यांत ती बाई नव्हती. इथे माझी चूक झाली. पायी जाणारी माणसं तेवढी मी पाहिली. मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांचं वेगळं गेट आहे, हे मी विचारलंच नाही. बाई आत आहे आणि बाहेर पडलेली नाही, म्हणजे ती पाण्यात आहे, असं मी मनाशी धरून टाकलं.

लाटांचा तलाव एका टोकाला घोट्याइतका आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. दिवसभर माणसं खेळून पाणी गढूळ झालेलं, तळ दिसत नव्हता. गावातले दोन पट्टीचे पोहणारे उतरवले, त्यांच्या हाती काही लागलं नाही. मी पाणी सोडायला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "सर, उद्या दोन शाळांच्या सहली आहेत. भरायला वेळ लागेल." मी एका शिपायाला पंपाकडे पाठवलं. तळाचा व्हॉल्व्ह उघडला आणि दोन पंप लावले.

दोन तास लागले. त्या दोन तासांत मी जे पाहिलं ते पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. काठावर शंभरएक माणसं होती, बाया, पर्यटक, कॅन्टीनवाले. पाणी जसजसं उतरत गेलं तसतसं बोलणं कमी होत गेलं. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर. सून हवालदारबाईंचा दंड धरून उभी. शेवटी तळाची निळी फरशी दिसू लागली. एक लहान मुलाचा गॉगल, दोन केसांचे चाप, एक चप्पल. बाकी काही नाही. बायांनी मोठ्याने श्वास सोडला. एकीने तर खाली बसून जमिनीला हात लावला.

पण या सगळ्या वेळात दोघेजण पाण्याकडे बघत नव्हते. मॅनेजर मोबाइलकडे बघत होता. आणि लाल टी-शर्टातला जीवरक्षक, डिंगोरे गावचा, तिशी ओलांडलेला गडी, मॅनेजरकडे बघत होता. फरशी उघडी पडली तेव्हाही या दोघांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. जिथे प्रेत निघण्याची भीती असते तिथून माणसाला नजर काढता येत नाही. यांनी काढली होती. याचा अर्थ एकच होता. तिथे काही नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मी मॅनेजरला शिपायासोबत ऑफिसात बसवलं आणि जीवरक्षकाला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. हवालदारबाईंनी त्याला पाणी दिलं. चौकशीत पहिला प्रश्न फार महत्त्वाचा असतो. 'काय झालं?' म्हणून विचारलं की माणूस आधीच पाठ केलेलं सांगतो. मी वही मिटून बाजूला ठेवली.

"ती बाई जिवंत आहे ना?"

त्याने हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "हाय साहेब."

"मग सांगत का नाहीस? तिची सून बाहेर उभी आहे."

"मला सांगितलं, तोंड उघडलं तर नोकरी गेली समज. पन नोकरीचंबी न्हाई साहेब. मी जाग्यावर नव्हतो. त्याची लई लाज वाटती."

मग तो थांबला नाही. दुपारी मोठ्या घसरगुंडीपाशी गर्दी झाली म्हणून मॅनेजरने त्याला तलावावरून उठवून तिकडे रांग सांभाळायला पाठवलं. चार ठिकाणच्या पाण्याला जीवरक्षक दोनच. पंधरा दिवसांपूर्वी तपासणीत त्यावरून ताकीद मिळालेली. तो नसताना सहा-सात वर्षांची एक मुलगी खोल बाजूला टायरच्या खाली गेली. तिची आई काठावर, बाप खायचं आणायला गेलेला. गर्दीत कुणाला कळलं नाही. कळलं ते फक्त घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या या बाईला.

"मी पळत आलो तवर तिनं पोरीला येणीला धरून वर काढलं व्हतं. पोर निळी पडलेली. मी छाती दाबली, तोंडानं हवा दिली. किती येळ गेला ते मला सांगता यायचं न्हाई. मग पोरीनं पाणी ओकलं आन् रडली." इथे तोही रडला. "मला एक लेक हाय साहेब."

पुढचं सगळं मॅनेजरचं डोकं. पोरीला चक्कर आली असं जमलेल्यांना सांगून, आरडाओरडा व्हायच्या आत त्याने मुलीला आणि तिच्या आईबापांना पार्कच्या गाडीत घालून मागच्या गेटने काढून दिलं. जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं असतं तर तिथून पोलिसांना कळवलं गेलं असतं, म्हणून गाडी पाठवली वीस किलोमीटरवरच्या एका खासगी दवाखान्यात. मुलीने त्या बाईचा हात घट्ट धरून ठेवलेला. सोडवायला गेलं की ती किंचाळायची. म्हणून बाईही गाडीत बसली, तशीच, ओल्या कपड्यांत. मुलीच्या आईबापांचं सामान मॅनेजरने मागाहून पाठवून दिलं. पण या बाईची पिशवी तिच्या सोबतिणींच्या डोळ्यांदेखत लॉकरमधून काढायची कशी? आणि त्यांना सांगायचं, तर सगळंच बाहेर येणार. म्हणून तो गप्प राहिला. त्या बाया रडत राहिल्या तरी, पाणी सोडायला लावलं तरीही.

मी बाहेर येऊन सुनेला फक्त एवढंच सांगितलं, "सापडल्या. धडधाकट आहेत. चला."  तिने आधी लॉकरमधलं लुगडं छातीशी धरलं आणि मग ती गाडीत चढली.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मुलगी ऑक्सिजनची नळी लावून झोपली होती. रंग परतलेला. खाटेला टेकून, अंगावर दवाखान्याची हिरवी चादर घेतलेली एक काटक बाई जमिनीवर बसली होती. तिचं बोट मुलीच्या मुठीत.

"अवो आत्याबाई!" सून दारातच ओरडली. "कुठं व्हता तुमी? आमी तळं उपसलं की वो तुमच्यापायी!"

"हळू बोल," बाई म्हणाली. "आत्ता डोळा लागलाय तिचा. तो ड्रायव्हर म्हनला, तुमास्नी निरोप दिलाय, येत्यात समद्या. मी वाट बघतीया कवाची. आन् लुगडं आणलंस का? हितं सारखं डॉक्टर येत्यात, लई अवघडल्यासारखं झालंय."

सून तिच्या गळ्यात पडली. हसतही होती आणि रडतही होती. मुलीचा बाप कोपऱ्यात उभा होता. तो मला म्हणाला, "साहेब, यांना कुणी शोधत असेल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आम्हाला तर त्या घरच्याच वाटायला लागल्या होत्या." डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगी चालत घरी गेली.

मॅनेजर आणि मालक, दोघांवरही निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पार्क महिनाभर बंद राहिलं. उघडलं तेव्हा प्रत्येक पाण्यावर स्वतंत्र जीवरक्षक होता आणि कॅमेरे सुरू होते. डिंगोऱ्याच्या त्या गड्याचा जबाब आमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. नव्या मॅनेजरने त्याला परत कामावर घेतलं, वर बाकीच्यांना शिकवायचं कामही त्यालाच दिलं. ठाण्याला फोन करणारी बाई कोण, हे मला अंदाजाने कळलं होतं. भाड्याचे कपडे देणाऱ्या खिडकीतली ती एकटीच माझी नजर चुकवत होती. मी विचारलं नाही. कागदावरही आणलं नाही.

खटल्यात मुलीला वाचवणाऱ्या त्या सासूची साक्ष झाली तेव्हा मी कोर्टात हजर होतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी तिला खोडून काढायचा प्रयत्न केला.

"तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं?"

"मेंढरांनी."

कोर्टात हशा पिकला. बाई हसली नाही. तिने समजावून सांगितलं, "ल्हान असताना आमी कळप घेऊन नदी वलांडायचो. येखादं कोकरू वाहून चाललं की कुनी शिकवायची वाट बघत नसतं, साहेब. जो जवळ हाय त्यानं उडी मारायची."



तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत पोलिसाला एक खोड लागते. माणूस हरवला म्हटलं की आपण आधी त्याचं प्रेत शोधायला लागतो. विहिरी बघतो, रेल्वेचे रूळ बघतो, तलाव उपसतो. ते करावंही लागतं. पण त्या दिवशी मला कळलं की दोन तास मी चुकीच्या ठिकाणी उभा होतो. दिलासा देणारी शक्यता माझ्या मनालाच शिवली नव्हती. एखादी बाई सापडत नाही ती कदाचित कुणाच्या तरी कामी आली म्हणून, असं कुठल्या पोलिसाला सुचतं? त्यानंतर उरलेल्या दोन वर्षांत बेपत्ता व्यक्तीची प्रत्येक तक्रार घेताना मी घरच्यांना आधी एकच विचारायचो: ती व्यक्ती दुसऱ्याच्या अडचणीत थांबणाऱ्यातली आहे का? दोनदा त्याच उत्तराने माणूस सापडला. एक जण तर अपघातातल्या अनोळखी म्हाताऱ्यासोबत रुग्णालयात बसून होता.

गेल्या उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजाराजवळ ती सून मला भेटली. ओळखून थांबली. आता बचत गटाची सहल दर वर्षी जाते म्हणाली. त्या मुलीचे आईबापही वर्षातून एकदा गावी येतात, दोन दिवस राहतात.

"आणि आत्याबाई?" मी विचारलं.

"त्यांचं काय इचारता साहेब," ती म्हणाली. "औंदा मामांनाबी घेऊन गेल्या. त्यांना वरनं ढकलून दिलं आन् खाली जाऊन टाळ्या वाजवत उभ्या व्हत्या."