हंडा काढणार नाही

१२ जानेवारी १९८६, रविवार. घाटकोपरच्या आमच्या खोलीत मोरीशी बसून मी चिंच-मीठ लावून तांब्याचा हंडा घासत होते, तेव्हा धाकटा दीर अंधेरीच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस घेऊन आला. मी उठले नाही. हात चिंचेचे होते आणि हंडा अर्धाच उजळला होता.

आमचा बँड तेव्हा तीन वर्षांचा होता. दिराची गिटार, शेजारणीचा, तिच्या भावानं मस्कतहून पाठवलेला छोटा कीबोर्ड, गाणारी मी, आणि हा हंडा. नळाला पाणी पहाटे पाच ते साडेसहा. हंडा भरत जातो तसा त्याचा सूर चढत जातो, हे पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आम्ही त्या सुरामागून गायला लागलो, एवढंच. घरात हंडे तीन, म्हणून एका सकाळी रेकॉर्डिंग तीनदाच. पाणी ओतून देऊन चौथ्यांदा करायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पहिल्या गाण्याचं शेवटचं कडवं बाकी असताना हंडा गळ्यापर्यंत आला. सवयीनं माझा हात गेला आणि नळ बंद झाला. दीर डोक्याला हात लावून बसला. मग टेप ऐकली, तर गाणं तिथंच संपायला हवं होतं. तेव्हापासून तोच नियम. हंडा भरला की गाणं संपलं. अशी पाच गाणी झाली. कॅसेटच्या प्रती आम्हीच काढल्या, मुलुंडपासून पार्ल्यापर्यंत हातोहात दिल्या. चाळीत आम्हाला 'हंडापार्टी' म्हणत. म्हणोत.

"वहिनी, कॅसेट ऐकली. गळा झकास आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "फक्त तो नळ काढा. तिथं ढोलकी टाकू."

"नळ काढला तर गाणं चढणार कशावर?"

"अहो, नळाचा आवाज विकत कोण घेईल? तो घरोघरी फुकट येतो."

"फुकट? उद्या पाचला उठून या, मग सांगा."

दारात उभी शेजारीण हसली. "आणि ढोलकी आली की कीबोर्ड घेऊन मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"कोरसमध्ये उभ्या राहा ना."

तिचं हसू गेलं. उद्या दहापर्यंत अंधेरीला येऊन होय-नाही सांगा, म्हणून तो निघून गेला.

"वहिनी, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी दाराशी आलंय," दीर म्हणाला. चोवीस वर्षांचा होता, लग्नांतून बेंजो वाजवून वैतागलेला. "एकदा दुकानात आपली कॅसेट लागलेली ऐकायचीय गं मला."

"ती आपली राहिली तर ना."

"तू हट्टी आहेस."

"आहे. चाली तुझ्या आहेत, घेऊन जा, ढोलकीवर बसव. मी गाणार नाही आणि हंडा येणार नाही."

माझ्या गळ्याशिवाय त्याला तिथं कुणी उभं करणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो पाठ फिरवून जेवला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. हंडा मात्र पूर्ण घासला.

दुसऱ्या दिवशी पाचला उठले. शेजारीण कीबोर्ड घेऊन आली. दहाला अजून अवकाश होता, तरी दीर इस्त्रीचा शर्ट घालून, कव्हरमधली गिटार खांद्याला लावून दाराशी उभा होता. मी त्याला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. टेपचं बटण दाबलं, नळ सोडला आणि गिटारशिवाय गायला लागले. हंडा गळ्याशी आला तेव्हा मागे गिटारच्या कव्हरची चेन उघडल्याचा आवाज आला. या हंड्यासाठी गिटारला उशीर झाला होता. मी नळ बंद केला, भरलेला हंडा बाजूला ओढला आणि दुसरा लावला.