जायफळाचा एक वेढा

आजही सहाणेवर जायफळ उगाळलं की भोकरदनची ती दुपार समोर येते. लेक तान्ही होती, सारखी रडायची. शेजारच्या खालांनी जायफळाचा एकच वेढा दुधात उगाळून तिला बोटाने चाटवला. "आता ही बराबर झोपंल. तूबी पड जरा," म्हणाल्या.

लेक झोपली. मी मात्र तिच्या नाकाशी बोट धरून बसले. बोटाला श्वास लागला की हायसं वाटायचं, मंग पुन्हा बोट धरायचे. कधी एकदा ही मोठी होते आणि मी निवांत झोपते, असं झाल्तं.

आता लेक परदेशात आहे. स्वतःसाठी मी चांगले तीन-चार वेढे उगाळते. झोप लागतेही. फक्त माझ्या नाकाशी बोट धरायला घरात कुणी न्हाई.