शेवंताबाईंचं हसू

आनंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाम गावाच्या चौकात वर्ध्याच्या बसची वाट पाहत उभी होते. मावसभाऊ, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... मनात आलं ते एवढंच, की आता त्याच्या खोलीची किल्ली मिळेल. गेले काही आठवडे त्याच्याविषयी बरंच छापून आलं. माहितीपटांचा निर्माता, दिग्दर्शक, मुक्यांना आवाज देणारा. मुकं कोणीच नव्हतं. त्याच्या माहितीपटांतल्या साऱ्या म्हाताऱ्या माझ्या आवाजात बोलतात, म्हणून मला ठाऊक.

सुरुवात त्याने लग्नाच्या कॅसेटींपासून केली, आणि तिथंच थांबायला हवं होतं. नवरीला रडवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पुढे टीव्हीचं काम मिळालं. जीपमध्ये मागे एक फाटकी गोधडी कायम असे. ज्याच्या घरी जाऊ तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर, मोटारसायकल बाहेर, आणि फ्रिजवर गोधडी. एका घरधन्याने विचारलंच, "साहेब, फ्रिजले थंडी वाजून राह्यली का?" सगळे हसले. दादा नाही. गरिबी त्याला नीटनेटकी लागे, भाषाही. वऱ्हाडी 'वर' टीव्हीवाल्यांना कळत नाही म्हणे, म्हणून त्या बोलण्यावर प्रमाण मराठी चढवायची. त्यासाठी मी, शाळेतली मराठीची बाई... शुद्ध उच्चार, घरचंच माणूस.

तळेगावच्या बौद्ध वस्तीतल्या शेवंताबाई कॅमेऱ्यासमोर आपल्या विहिरीची गोष्ट सांगत होत्या. गावाने पाणी भरू दिलं नाही म्हणून वस्तीने स्वतःची विहीर खणली. मग एका उन्हाळ्यात गावचीच विहीर आटली. "पाटलीणबाई घागर घेऊन आमच्या दारात! मी म्हटलं, पाणी नेजो, पण पहिले बस, चहा पे. पेली ना बाई! मुकाट्यानं पेली!" असं म्हणून म्हातारी पोट धरून हसली.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेला दादाची आवाज भरायची खोली होती, तिथे त्याने माझ्या हाती कागद दिला. 'आम्हाला कोणी पाणी देत नव्हतं. आम्ही तहानलेलेच राहिलो.'

"दादा, त्या तर उलटंच सांगताहेत."

"हसणारी म्हातारी कोण बघतं गं? आवाज जरा ओला कर."

केला. हुंदकासुद्धा दिला, तो कागदावर नव्हता. दादाला पुरस्कार मिळाला, पडद्यावर माझं नाव आलं, शाळेत माझा सत्कार झाला. तो नारळ मी घरी आणला आणि त्याच्या वड्या केल्या.

शेवंताबाई गेल्यावर त्यांची मुलगी रेखा माझ्याकडे आली. तलाठी आहे ती. "ताई, मायचा फोटो आहे, पण आवाज कशातच नाई. थे टेप तेवढी द्या." दादा तिला वर्षानुवर्षं "शोधतो" म्हणत राहिला, आणि मीही कधी जोर लावला नाही. टेप सापडली तर माझ्या हुंदक्याचं खोटंही सापडणार होतं ना...

दादाच्या मागे किल्ली मिळाली तशी आम्ही दोघी गेलो. टेप सहज मिळाली. त्याने शोधलीच नव्हती. जुनं यंत्र चालवणारा ओळखीचा माणूस गाठला, टेप लावली. नव्या टेपचा खर्च वाचवायला आमच्या कलावंत दादाने मूळ टेपवरच, शेवंताबाईंचा आवाज पुसून, माझा आवाज चढवला होता. पडद्यावर म्हातारीचे खांदे गदगदत होते, आणि वर मी रडत होते.

"माय रडून नाई राह्यली, ताई. हसून राह्यली."

"हो," मी म्हटलं. "मला तेव्हाही माहीत होतं."

रेखाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या माणसाला म्हणाली, "पार सुरुवातीले घ्या." माझा आवाज सुरू होण्याआधीचा जरासा तुकडा तेवढा शाबूत होता. कॅमेरा अजून हलतोय आणि शेवंताबाई म्हणताहेत, "काऊन रे, उभाच काऊन आहे? बस ना जीपवाल्या, खाट मोडत नाई!" मग दादाचा आवाज: "आजी, आता हसायचं नाही हं." आणि त्या बोलण्यावरच म्हातारीला हसू फुटलं... खळखळून.

"येवढंच द्या मले," रेखा म्हणाली. "तुमचं काढून टाका."

माझं काढलं. दादाचंही काढून पाहिलं, पण त्याचा हुकूम संपायच्या आतच तिचं हसू सुरू होतं. एक कापलं की दुसरंही तुटतं. म्हणून राहू दिलं. पुरस्काराची ढाल त्याच्या घरच्यांनी कुठे ठेवली, मी विचारलेलं नाही. रेखाच्या मोबाइलमध्ये माझा भाऊ आहे, एवढाच... एका म्हातारीला हसू नको म्हणणारा, आणि तिने न जुमानलेला.