गच्चीचं कुलूप

धुळ्यातला आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा मला वाटलं होतं, दोन महिन्यांत जाईल. दोन बेडरूम, मोठं स्वयंपाकघर, रस्त्यापासून आत, दवाखाना हाकेच्या अंतरावर. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईचा अंदाज चुकेल कसा? चुकला. चौदा महिने फ्लॅट जागचा हलला नाही.

विकायचं कारण घरातच, खिडकीपाशी खुर्चीत बसलेलं होतं. यांच्या डाव्या पायाचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. इमारतीला लिफ्ट नाही. तिसरा मजला, म्हणजे उतरायला चोपन्न पायऱ्या आणि चढायला पुन्हा तेवढ्याच. डॉक्टर म्हणाले, थोड्या पायऱ्या असतील तर बसत बसत चालतील, एवढ्या नकोत. झालं, तेव्हापासून हे घरात. तपासणीला न्यायचं तर चौघं जण खुर्चीसकट उचलून खाली नेत, आणि सगळं आयुष्य सायकलवर काढलेला हा माणूस तेवढा वेळ डोळे मिटून घेई. आमची मुलगी जळगावला असते. तिच्या घराजवळ तळमजल्यावरचं एक घर आम्ही पाहून ठेवलं होतं, पुढं थोडं अंगण. हा फ्लॅट विकला की ते घ्यायचं आणि यांना मोकळ्या हवेत आणायचं, एवढंच मला हवं होतं.

गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. एजंट दर रविवारी कुणाला तरी घेऊन यायचा. नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी करणारं एक जोडपं आलं, नवऱ्यानं सगळे नळ उघडून पाहिले आणि विचारलं, "पाणी कितव्या दिवशी येतं?" धुळ्यात घर घेणारा माणूस हा प्रश्न देवाचं नाव घेण्याआधी विचारतो. मी खरं ते सांगितलं. टाकी मोठी आहे हेही सांगितलं. एकानं खिशातून होकायंत्र काढलं. चाळीसगावचे एक गृहस्थ भिंतींवर टिचक्या मारत हिंडले, जणू कलिंगड घ्यायला आले होते. सगळे चहा घ्यायचे, "कळवतो" म्हणायचे आणि कुठं गडप व्हायचे कोण जाणे.

मी एकेक कारण शोधून काढत होते. लिफ्ट नाही म्हणून असेल. मग दोनदा रंग काढला. मुलीनं मोबाइलवर फोटो टाकले, त्यात आमचा हॉल एवढा लांबलचक दिसत होता की मलाच राहायला जावंसं वाटलं. भाव उतरवला. यांच्या खुर्चीमुळे घर आजारी दिसत असेल असंही एकदा मनात आलं, आणि गिऱ्हाईक आलं की मी त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगू लागले. ते उठून जायचे.

मग पिंपळनेरची बाई आली. चांगली शेती असलेलं कुटुंब, मुलगा धुळ्यात कॉलेजला, त्याच्यासाठी आणि पुढं आपल्यालाही म्हणून घर बघत होते. होळी नुकतीच झाली होती. नवरा एजंटशी बोलत हॉलमध्ये बसला. बाईनं ना नळ पाहिले ना टाइल्स. स्वयंपाकघरात डोकावली, बरं म्हणाली आणि सरळ दार उघडून गच्चीचा जिना चढली. मी मागोमाग. वर लोखंडी दाराला कुलूप.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"सोसायटीचा नियम आहे."

"मग बिबडे कुठं घालतात तुमच्याकडं?"

"दुकानात मिळतात की," मी म्हणाले.

ती हसली. वाईट नव्हतं हसणं, पण मला झोंबलं. खाली उतरताना ती पहिल्या मजल्यावर, इमारतीतल्या सगळ्यांत थोरल्या अक्कांच्या दारात थांबली आणि आत गेली. तिच्या चपला दाराबाहेर चांगल्या अर्धा तास होत्या. वर कठड्याला टेकून मी त्या चपलांकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन, पार्टी नाही म्हणते. मी वैतागून म्हणाले, "अहो, पण का? एकदा कारण तरी कळू दे!" तो जरा घुटमळला. "मॅडम, प्रत्येक पार्टीतली बाई तुमची बेल वाजवण्याआधी नाहीतर निघताना गुपचूप वर जाते. कुलूप बघते. खाली येऊन घरवाल्याला मान हलवून नाही म्हणते. आपल्याकडं गच्चीशिवाय बायका घर घेतात का?"

"चौदा महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास का रे?"

"तुम्हाला कोण सांगणार, मॅडम?"

फोन ठेवला. खोटं काय बोलला तो? कुलूप मीच लावलं होतं. सहा वर्षांपूर्वी, मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा, आणि अजूनही सेक्रेटरी मीच. ज्याला खानदेशातला उन्हाळा माहीत आहे त्याला सांगायला नको. चैत्र लागला की गच्चीवर खाटा जातात, त्यांच्यावर ओली धोतरं आणि त्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा तिखट-तिळाचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या हातानं थापून मोकळं व्हायचं. खाटा ओढून ओढून गच्चीचा गिलावा उखडला, पावसाळ्यात माझ्या छताला ओल आली. मी दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा मी मीटिंग बोलावली, ठराव केला आणि कुलूप ठोकलं. ठराव यांच्याच सुंदर अक्षरात लिहिलेला आहे. त्या दिवशी अक्कांचा घाटा शिजून तयार होता. पातेलं घेऊन त्या जिन्यात उभ्या होत्या, आणि मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." तो घाटा त्यांनी गाईला घातला.

आमच्या इमारतीत घाट्याची पहिली वाटी, वर तेल ओतून, शेजाऱ्यांना जायची. आमच्या घरी त्यानंतर कधी आली नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. बायकांनी हळूहळू नादच सोडला. कुणी माहेराहून आणायचं, कुणी बचतगटाकडून.

कुलूप काढायचं ठरवलं. चावी आमच्याच दाराआड खिळ्याला होती. पण नुसती उघडी गच्ची दाखवून काय उपयोग? घर घेणारी बाई शेजार विचारल्याशिवाय राहत नाही, आणि शेजार म्हणजे अक्का. तीन दिवस मी स्वतःशी भांडले. चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावर गेले. आयुष्यात मी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे ते मला नीट जमलं नाही. म्हणाले, "अक्का, गच्ची उघडतेय. यंदा बिबडे घाला."

अक्का शेंगा फोडत होत्या. मान वर न करता अहिराणीत म्हणाल्या, "चावी तुनापाशीच शे ना? मग मना दारमा काय करी राहिनी?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्हाला जिन्यातून परत पाठवायला नको होतं."

त्यांनी आणखी चार शेंगा फोडल्या. मग मला बसायला पाट सरकवला आणि म्हणाल्या, यंदाची ज्वारी तू भिजव. तिसऱ्या दिवशी त्या आंबट वासानं माझं घर असं घमघमलं की मीच नाकाला पदर लावला. हे मात्र खुर्चीत बसून मिश्कील हसत होते. बऱ्याच महिन्यांनी हसले.

रविवारी पहाटे घाटा शिजला. बघता बघता अख्ख्या इमारतीतल्या बायका वर आल्या. खाटांच्या पायांना अक्कांनी गोणपाट बांधलं. एवढी साधी गोष्ट मला सहा वर्षांपूर्वी सुचली नव्हती. अक्कांनीच पिंपळनेरला फोन केला होता. ती बाई सातच्या सुमारास आली, चपला काढल्या, हात ओले केले आणि कुणी न सांगता थापायला बसली. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ. थापता थापताच मला म्हणाली, "टोकन आजच देऊ का?"

मी धावत खाली निघाले, यांना सांगायला. गच्चीच्या दारातच थबकले. जिन्यात बघते तर हे वळणावर कठडा धरून बसलेले, काठी शेजारी. दम खात होते. अक्कांची सून एक पायरी खाली उभी होती, हात पुढं करून. "थांबा, मी येते," मी ओरडले. हे म्हणाले, "राहू दे, आलोच." आणि उठून उरलेल्या पायऱ्या चढले.

वर अक्कांनी त्यांना सावलीत खाटेवर बसवलं, हातात एक फोक दिली आणि कावळे हाकायचं काम सोपवलं. पुढ्यात घाट्याची वाटी, वर तेल. मग दुसरी वाटी मला. सूर्य चांगला वर आला होता. हे वाटी हातात धरून नुसते आभाळाकडे बघत होते, कावळे खुशाल बिबड्यांवर उतरत होते आणि कुणी यांना काही म्हणत नव्हतं.

मी शेजारी बसले. "किती पायऱ्या झाल्या?" काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"अठरा."

चोपन्न उतरता येत नाहीत म्हणून मी चौदा महिने घर विकत होते. अठरा चढायच्या होत्या. चावी माझ्या दाराआड होती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी वाटी खाली ठेवली.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो होतो," हे म्हणाले. "दोनदा. तू म्हणालीस, सेक्रेटरीच्या नवऱ्यालाही नियम तोच."

त्यांनी फोक उचलून कावळा हाकलला आणि घाटा खायला सुरुवात केली.