हात धरून शिकवलेलं इंग्रजी

शांतवन सर गेल्याचं मला नेवाशाच्या एसटीतल्या कंडक्टरनं सांगितलं, आमच्या सोनईच्या स्टँडवर, तिकिटं फाडता फाडता. "तुमचे ते इंग्रजीचे मास्तर... वारले काल." त्याला आता महिना झाला. खरं तर रडायला हवं होतं, पण आधी आला तो संताप. कारण आमच्या शाळेनं शोकसभा घेतली आणि शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "असा मास्तर गावाला पुन्यांदा मिळायचा न्हाई." अहो, मिळालेला घालवला कुणी?

सांगतो. मी त्या शाळेत चित्रकला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी सर आमच्याकडे कच्च्या नेमणुकीवर आले. अंगानं काडी, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा. आठवीच्या मुलांना इंग्रजीतले काही शब्द जोडून लिहायचे की तोडून, हे काही केल्या कळेना. 'एव्हरी डे' तोडून लिहिलं तर 'रोज', जोडून लिहिलं तर 'रोजच्या वापरातलं, साधं'. फळ्यावर कितीही लिहा, वहीत जोडायचं ते तुटायचं नि तोडायचं ते जोडलं जायचं. सरांनी मग फळा सोडला आणि पोरांचेच शब्द केले. एक 'एव्हरी', एक 'डे'. दोन शब्द हवे तर मध्ये हातभर अंतर, एक शब्द हवा तर हात धरायचे. 'ऑल' आणि 'रेडी' लांब उभे राहिले की 'सगळे तयार', हात धरले की 'आधीच'... आणि तेव्हा 'ऑल'नं आपला एक 'एल' काढून खिशात टाकायचा! तो खिशात टाकण्याच्या अभिनयासाठी वर्गात मारामाऱ्या व्हायच्या. मी माझा तास सोडून खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवायचो.

एके दिवशी अण्णांची नात सुमन 'एव्हरी' झाली आणि बौद्धवाड्यातली लंका 'डे'. सुमननं घरी जेवताना ते मोठ्या कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत हजर.

"मास्तर, विंग्रजी शिकवा की. पोरींचे हात कशापायी जोडिता?"

"अण्णा, हात सोडला की अर्थ बदलतो."

"तुमच्या पुस्तकातला बदलंल. गावात जे हाय ते हाय. फळ्यावर लिवा, न्हाईतर दुसरी शाळा बगा."

सरांच्या घरी बायको, दोन लहान मुली, आणि नोकरी कायम व्हायला एकच वर्ष उरलेलं. मी म्हणालो, "सर, वर्षभर खडू घ्या ना हातात." ते म्हणाले, "घेतो. पण लंकेला काय सांगू? कालपर्यंत ती वर्गात हात धरून उभी होती..." त्यांचा पुढचा तास नेहमीसारखाच झाला. सुमननं लंकेचा हात धरला, आणि तोही घट्ट.

मग शिपाई शिक्षकांच्या खोलीत एक कागद घेऊन आला. शांतवन सरांच्या तासाच्या गोंगाटानं शेजारच्या वर्गांना त्रास होतो, खाली सह्या करा. शेजारचा वर्ग माझाच. मी सही केली. वाचून केली. जूनमध्ये सरांची नेमणूक निघाली नाही. नेवाशाला खोली घेऊन ते शिकवण्या करू लागले. एसटीनं जेमतेम तासाचा रस्ता, पण मी एकदाही गेलो नाही.

शोकसभेत अण्णांचं भाषण ऐकताना वाटलं, उठावं आणि त्या कागदाची गोष्ट भर सभेत सांगावी. पण कागद निघाला असता तर त्यावरचं माझं नावही निघालं असतं. मी बसून राहिलो. शेवटी सगळ्यांबरोबर उभा राहिलो, तो दोन मिनिटं शांतता पाळायला!

गेल्या रविवारी नेवाशाला गेलो. शिकवणीची सतरंजी अजून अंथरलेलीच होती. वहिनी चहा करत होत्या. यांना कागदाचं ठाऊक नसणार, असं धरून मी अण्णांना लाखोली वाहायला सुरुवात केली. हातवारे केले, अण्णांचं उपरणं डोळ्यांना लावून दाखवलं, आवाज चढवला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग कपात चहा ओतत म्हणाल्या, "अण्णांनी तो कागद यांना दाखवला होता, भावजी. घरी येऊन हे म्हणाले, सगळ्यात सुंदर सही आमच्या चित्रकलेच्या सरांची. काय वळण आहे अक्षराला!"

कप माझ्यासमोर सरकवून त्यांनी विचारलं, "साखर बरोबर झालीय ना?"