झोपेचा तास

नगरच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात मी नवी सिस्टर होते, तेव्हा माझी वेणी लांब आणि अक्कल आखूड होती. 'शांत झोप कशी लागते' यावर रंगीत तक्ते लावून मी सगळ्या पेशंटचा तास घेतला. दहा मिनिटांत वर्ग घोरू लागला. मला तो माझा अपमान वाटला, म्हणून मी एकेकाला हलवून प्रश्न विचारत सुटले.

वॉर्डबॉयचं काम करणाऱ्या मामांच्या चपला पायात कमी, हातात जास्त. कुणाला जाग येऊ नये म्हणून. बोलण्याआधी ते टोपी सारखी करत. तीन दिवस डोळा न लागलेले एक गुरुजी कसेबसे झोपले होते. त्यांच्या खांद्याकडे माझा हात गेला, तशी मामांनी मध्ये चप्पलच घातली. टोपी सारखी करून म्हणाले, "सिस्टर, झोपेचाच तास हुता न्हवं? समदे पास झाले की. आता उठवून नापास करू नगा."